आईची बीपीची गोळी ‘कॅल्शियम ब्लॉकर’ आहे, मग तिचे हातपाय ढिले का पडत नाहीत?

रानजाई

प्रश्न घरगुती आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे मांडते.

आई ६८ वर्षांची. चार वर्षांपासून बीपीसाठी रोज एक अम्लोडिपिन. गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरली, मनगट मोडलं, तेव्हापासून कॅल्शियमची गोळीही सुरू आहे. मागच्या महिन्यात कुणीतरी तिला सांगितलं की बीपीची गोळी ‘कॅल्शियम ब्लॉकर’ असते, म्हणजे ती हाडांचं कॅल्शियम अडवते. आईने कुणाला न सांगता बीपीची गोळी बंद करून टाकली. तीन आठवड्यांनी डोकं जड झालं म्हणून तपासलं तर बीपी १८०/१००. गोळी परत सुरू झाली आहे, बीपीही उतरलं आहे. पण तिची शंका गेलेली नाही आणि आता ती मलाही पडली आहे.

मी कॉमर्सची. भाच्याचं नववीचं विज्ञान उघडलं. पट्टकी, अपट्टकी आणि हृदयाचे स्नायू, तीन चित्रं, संपलं. आणखी शोधल्यावर कळलं की तिन्ही प्रकारच्या स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियम लागतंच. मग कॅल्शियम अडवणारी गोळी घेऊन आई दोन बादल्या पाणी कशी उचलते? तिचं हृदय कसं चालतं? कुणी नीट सांगेल का? मला ते आईला तिच्या भाषेत सांगायचं आहे.

निवृत्त_शिक्षक

रानजाई, मी ३१ वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. तुमचा प्रश्न विद्यार्थ्यांनी मला विचारावा असं मला नेहमी वाटायचं. फार थोड्यांनी विचारला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आईंसाठी. ही गोळी हाडांतून कॅल्शियम काढत नाही, रक्तातलं कमी करत नाही, पोटातून शोषून घेण्यातही आडवी येत नाही. ती पेशीच्या आवरणातलं एका जातीचं दार ओढून घेते, इतकंच. त्या दारातून कॅल्शियम आत जातं म्हणून तिचं नाव तसं पडलं. नावावरून कुठलीच गोळी बंद करायची नाही, हे त्यांना माझ्याकडूनही सांगा.

आता यंत्र. दंडातला एक स्नायूतंतू घ्या. केसाइतका जाड किंवा त्याहून बारीक, पण लांबी काही सेंटिमीटर. अनेक पेशी एकमेकींत विरघळून तो तयार होतो, म्हणून एकाच तंतूत शेकडो केंद्रकं असतात. आत उभ्या काड्यांची जुडी, आणि प्रत्येक काडीवर आडवे गडद-फिके पट्टे. पट्टकी हे नाव त्यावरूनच. एका पट्ट्याच्या घरापासून पुढच्या घरापर्यंतचं अंतर साधारण २.२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे तंतूच्या एका सेंटिमीटरमध्ये अशी साडेचार हजार घरं एकापुढे एक. प्रत्येक घरात मधोमध जाड दोऱ्या, मायोसिनच्या, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींना बांधलेल्या बारीक दोऱ्या, ॲक्टिनच्या. स्नायू आखडतो तेव्हा कुठलीच दोरी आखडत नाही. बारीक दोऱ्या जाड दोऱ्यांच्या मधे सरकतात आणि भिंती जवळ येतात. साडेचार हजार घरं एकदम थोडी थोडी लहान झाली की बादली उचलली जाते.

हे १९५४ मध्ये कळलं. ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन वेगळ्या जोड्यांनी तेच सांगितलं: अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क, ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. आडनाव एक असलं तरी दोघं हक्सली एकमेकांचे कुणीही नव्हते.

सरकवतं कोण? रस्सीखेच आठवा. जाड दोरीतून शेकडो इवले हात बाहेर आलेले असतात. हात बारीक दोरी पकडतो, ओढतो, सोडतो, पुढची जागा पकडतो. एका ओढीत दोरी जेमतेम मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकी सरकते. सगळे हात एकदम सोडत नाहीत, काहींनी सोडलं तरी बाकीचे धरून असतात, म्हणून दोरी मागे घसरत नाही. आणि या हातांना फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून हाडांवरचे स्नायू जोडीजोडीने असतात, एक कोपर वाकवायला आणि दुसरा सरळ करायला.

मग आपण बसलेलो असताना हे हात स्वस्थ का असतात? बारीक दोरीवर पकडायच्या जागा झाकलेल्या असतात. झाकणाला जी कडी आहे तिचं नाव ट्रोपोनिन. तोक्योच्या सेत्सुरो एबाशींनी ती १९६० च्या दशकात शोधली. कॅल्शियम या कडीला चिकटलं की झाकण सरकतं आणि हात पकड घेतात. कॅल्शियम निघून गेलं की झाकण परत बसतं. स्नायू स्वस्थ असताना पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी मोकळं कॅल्शियम असतं. त्यामुळे थोडंसं आत आलं तरी खूण पटते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ओढायचं यंत्र तिन्ही स्नायूंत तेच, पण कॅल्शियम कुठून आणायचं ते तिघांचं वेगळं.

हातापायांच्या स्नायूंनी आपलं कॅल्शियम घरातच कोठीत भरून ठेवलेलं असतं. मज्जातंतूचा संदेश आला की तंतूच्या आवरणावर विजेची लाट धावते, बारीक नळ्यांतून खोल आत उतरते आणि कोठी उघडते. काम झालं की पंप तेच कॅल्शियम पुन्हा कोठीत भरतात. बाहेरून काही आणावं लागत नाही. बेडकाचे सुटे तंतू कॅल्शियम नसलेल्या पाण्यात ठेवले तरी बराच वेळ आकुंचन पावतात. गंमत अशी की गोळी ज्या जातीच्या दारावर काम करते त्याच जातीचं दार इथेही आहे. पण इथे त्याचा उपयोग दारासारखा नसून कळीसारखा आहे. विजेची लाट आली की ते नुसतं हलतं आणि त्याला जोडलेलं कोठीचं झाकण ओढलं जातं. त्यातून कॅल्शियम आत येवो न येवो, कोठी उघडतेच. म्हणून आई बादल्या उचलू शकतात.

हृदयाचं उद्या लिहितो, डोळे थकले.

रात्रपाळी

सर, हृदयाचं लिहाल तेव्हा रिंगरची गोष्ट सांगाच. मी नर्स आहे. वॉर्डात दिवसाला कितीतरी आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईन लावतो, पण त्यातला ‘आर’ म्हणजे माणसाचं नाव हे मला नोकरीला लागून सहा वर्षं झाल्यावर कळलं.

तालमीतला

छान समजावलंत सर. एक विचारतो. आमच्याकडे काही पोरं पाचशे बैठका सहज मारतात पण डावाला झटका नसतो, काहींचं नेमकं उलट. हे स्नायूत असतं का?

निवृत्त_शिक्षक

@तालमीतला, हो, बऱ्याच अंशी. तंतू मुख्यतः दोन स्वभावांचे: सावकाश आखडणारे पण न थकणारे, आणि झटकन आखडून लवकर दमणारे. पहिल्यांत प्राणवायू धरून ठेवणारा लाल मायोग्लोबिन भरपूर. कोंबडी दिवसभर चालते, म्हणून तिचा लेगपीस गडद. उडते क्वचित, म्हणून छातीचं मांस पांढरट. कबुतर दूरवर उडतं, त्याची छाती गडद असते. आपल्या पोटरीत आतल्या बाजूला एक रुंद स्नायू आहे, तो उभं राहण्यासाठी दिवसभर राबतो, त्यात सावकाश तंतूच जास्त. प्रमाण बरंचसं जन्माचं असतं. सरावाने तंतू जाड होतात आणि झटक्याच्या तंतूंमध्ये दमही वाढतो.

@रात्रपाळी, सांगतो.

लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात चालू ठेवायचे. १८८२ मध्ये त्यांनी लिहिलं की हृदय छान चालतं. पुढे कळलं की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलंच नव्हतं, नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाण्यात पुन्हा केलं तर ठोके क्षीण होत गेले आणि थांबले. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. रिंगर यांनी १८८३ मध्ये ही चूक स्वतः छापून सांगितली. मी वर्गात हा भाग कधी गाळला नाही, कारण आपली चूक इतक्या सरळपणे मांडणारा माणूस विद्यार्थ्यांना कळायलाच हवा. त्यांच्या द्रावणात पुढे लॅक्टेट घातलं गेलं आणि आज तुम्ही लावता ती बाटली झाली. तिच्यात अजूनही कॅल्शियम असतं.

म्हणजे हृदयाला बाहेरचं कॅल्शियम लागतं. प्रत्येक ठोक्याला दारातून थोडं कॅल्शियम आत येतं, आणि हे थोडं आलेलंच आतली कोठी उघडायला लावतं. निम्म्याहून बरंच जास्त कोठीतून येतं, पण बाहेरच्या त्या चिमटीशिवाय ती उघडत नाही.

हृदयाच्या पेशी आखूड आणि फाटे फुटलेल्या. टोकांना एकमेकींना घट्ट सांधलेल्या, आणि सांध्यांत बारीक भोकं, त्यामुळे वीज एकीतून दुसरीत जाते. हाताच्या स्नायूत जितका जोर हवा तितके तंतू कामाला लावता येतात. हृदयात ती सोय नाही, दर ठोक्याला सगळ्याच पेशी कामाला. आणि ही लाट एकेका पेशीत २०० ते ३०० मिलिसेकंद टिकते, तोवर दुसरा हुकूम लागूच होत नाही. पोटरीत वळ येतो तसा हृदयात येऊ शकत नाही तो यामुळे. वळ आला तर रक्त भरायलाच जागा राहणार नाही. मिनिटाला ७२ धरले तर दिवसाला १ लाख ३ हजारांवर ठोके होतात, आणि प्रत्येक दोन ठोक्यांमध्ये हृदय ढिलं होऊन भरावं लागतं.

मग गोळी हृदय का बंद पाडत नाही? या गटात तीन स्वभावांची औषधं आहेत. व्हेरापमिल आणि डिल्टियाझेम हृदयावरही ठळक काम करतात, ठोके मंदावतात. अम्लोडिपिनच्या कुळातल्या गोळ्या मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूला धरतात. तो स्नायू रात्रंदिवस अर्धवट ताणलेला असतो, त्याच्या आवरणावरचा विजेचा दाबही कायम कमी असतो. अशा अवस्थेतल्या दारांना ही गोळी जास्त चिकटते. हृदयाची पेशी दोन ठोक्यांमध्ये पूर्ण विसावते, तेव्हा गोळीची पकड सुटते.

शब्दवेडा

थोडं अवांतर, पण राहवत नाही. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितलेत. तिथे पेशी म्हणजे मांसाची पेशी, आपण आज ज्याला स्नायू म्हणतो ते. आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोरीसारखे बंध. बंगालीत स्नायू म्हणजे चक्क मज्जातंतू. मराठीत आपण पेशी हा शब्द सेलला दिला आणि स्नायू मसलला. त्यामुळे ‘स्नायूपेशी’ हा आपला शब्द सुश्रुतांना वाचायला दिला असता तर त्यांना काही भलतंच कळलं असतं. आईंना सांगताना ‘मांस’ म्हटलंत तरी चालेल, शेतात राबलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

दर्याकाठ

आमच्या मिरकरवाड्याला होडी लागली की पहिला मासा हातात लुळा असतो. मग ताठ होतो, फळीसारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मऊ. हे त्याच हातांचं काम का सर?

निवृत्त_शिक्षक

त्याच हातांचं. वर मी ‘पकडतो, ओढतो, सोडतो’ लिहिलं, त्यात शक्ती ओढायला लागते असं आपल्याला वाटतं. खरं तर हात सोडायलाही एटीपीचा, म्हणजे पेशीला शक्ती पुरवणाऱ्या रसायनाचा, कण लागतो. तो कण येऊन चिकटला की मगच पकड सुटते. जीव गेल्यावर एटीपी संपतो, कोठीतलं कॅल्शियम गळतं, सगळे हात दोरी धरतात आणि सोडणारं कुणी नसतं. म्हणून ताठरपणा. पुढे प्रथिनंच तुटू लागतात तेव्हा अंग पुन्हा मऊ पडतं. माणसातही तेच. साधारण दोन ते चार तासांत सुरुवात, बारा तासांच्या आसपास पूर्ण ताठ, उन्हाळ्यात लवकर. घरात कुणी गेलं की जाणती माणसं लगेच डोळे मिटतात, हातपाय सरळ करतात, पायाचे अंगठे बांधतात. त्यांना हे अनुभवाने माहीत होतं.

अबोली

सर, एका गोष्टीचा मेळ लागत नाही. माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं. तिसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या आणि मग दोन्ही हात आपोआप आखडले, अंगठा तळव्यात, बोटं ताठ. सोडवता येईनात. रक्तातलं कॅल्शियम एकदम कमी झालं होतं, शिरेतून दिल्यावर हात सुटले. कॅल्शियमने जर स्नायू आखडतात तर ते कमी झाल्यावर माझे हात ढिले पडायला हवे होते ना?

निवृत्त_शिक्षक

अबोली, तुमच्यावर फार अवघड वेळ आली होती, आणि प्रश्न अगदी बिनतोड आहे.

थायरॉइडच्या मागे चार छोट्या ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला की ते घसरतं. तुमच्या हाताच्या स्नायूंच्या कोठ्या भरलेल्याच होत्या, त्यांना काही कमी पडलं नव्हतं. बिघडला होता मज्जातंतू. बाहेरचं कॅल्शियम मज्जातंतूच्या आवरणावर एक प्रकारचा लगाम ठेवतं, सोडियमची दारं उगाच उघडू देत नाही. लगाम सुटला की मज्जातंतू न सांगता संदेश सोडत राहतो आणि स्नायू बिचारा प्रत्येक संदेश पाळत राहतो. हुकूम देणारा वेगळा आणि हुकूम पाळणारा वेगळा.

कोकणवैद्य

हुकूम देणारा आणि पाळणारा यांच्या मधल्या फटीत काय होतं ते आम्ही पावसाळ्यात पाहतो. नाग चावला की आधी पापण्या खाली येतात, मग गिळता येत नाही, बोलणं अस्पष्ट होतं, शेवटी श्वासाचा पडदा थकतो. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. नागाचं विष स्नायूवरच्या त्या जागा अडवतं जिथे मज्जातंतूतून आलेलं, हुकूम पोचवणारं रसायन ॲसिटिलकोलीन चिकटायचं असतं. म्हणून प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन (ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकवणारं औषध) दिलं की अनेकदा पापण्या उचलतात. मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, तिथे निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग होत नाही, दिवसेंदिवस कृत्रिम श्वास द्यावा लागतो. या सगळ्यात रुग्णाचं हृदय आणि आतडी चालू राहतात, कारण त्यांचा हुकूम या फटीतून येतच नाही.

विंचवाचं उलट. लाल विंचू चावला की ॲड्रिनॅलिनच्या जातीच्या रसायनांचं वादळ उठतं. हातपाय बर्फासारखे गार, घामाने अंग ओलं, रक्तवाहिन्या आवळलेल्या, आणि त्या दाबाविरुद्ध झगडून हृदय हरतं, फुप्फुसात पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी इथे प्राझोसिन वापरून दाखवलं, १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. प्राझोसिन रक्तवाहिनीच्या स्नायूवरची ॲड्रिनॅलिनची जागा अडवतं, वाहिन्या सैल होतात आणि हृदयाचं ओझं उतरतं. साधी, स्वस्त, बीपीची गोळी. तिने कोकणात किती घरं राखली हे इथल्या माणसांना विचारा. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हाला घरातल्या माणसाला मिळाल्यासारखं वाटलं.

दोन_लेकरांची_आई

अपट्टकी स्नायूबद्दल कुणी काही लिहिणार का? पुस्तकात त्याच्या वाट्याला तीन ओळी असतात. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या होत्या, तेव्हा मला निफेडिपिन दिलं होतं. मी घाबरले, कारण तीच गोळी सासऱ्यांना बीपीसाठी होती!

निवृत्त_शिक्षक

बरं झालं विचारलंत, मला सर्वांत आवडणारा स्नायू हाच.

दोन्ही टोकांना निमुळत्या, चातीसारख्या पेशी, प्रत्येकीत एकच केंद्रक. दोऱ्या त्याच, ॲक्टिन आणि मायोसिनच्या, पण घरं ओळीने मांडलेली नाहीत म्हणून पट्टे दिसत नाहीत. दोऱ्या पेशीभर तिरक्या ताणलेल्या, जागोजागी गाठींना बांधलेल्या. बटव्याची नाडी ओढावी तशी पेशी सगळीकडून चुणते. ट्रोपोनिनची कडी इथे नाहीच. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला भेटतं, ते एका विकराला जागं करतं आणि ते विकर मायोसिनच्या हातावर फॉस्फेट चढवतं, तेव्हा हात कामाला लागतो. इतक्या पायऱ्या असल्याने काम संथ. पण एकदा पकड बसली की फार थोड्या शक्तीत तासन्‌तास धरून राहता येतं. रक्तवाहिन्यांना, आतड्याच्या दारांना, मूत्राशयाला हेच हवं असतं. दंडाने असं धरून ठेवायचं म्हटलं तर पाच मिनिटांत थरथरेल.

या स्नायूची कोठी लहान, म्हणून दारातून येणाऱ्या कॅल्शियमवर त्याची भिस्त मोठी. दार ओढून घेतलं की तो सैलावतो. रक्तवाहिनीत सैलावला की बीपी उतरतं, कारण नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर अडथळा सोळाव्या हिश्श्यावर येतो. तिथे थोड्याशा सैलपणाला मोठी किंमत आहे. गर्भाशयात सैलावला की कळा थांबतात. सासऱ्यांची गोळी आणि तुमची गोळी एक, कारण स्नायू एका जातीचा.

गर्भाशयाबद्दल आणखी थोडं. एरवी त्याच्या पेशी आपापल्यापुरत्या असतात. दिवस भरत आले की त्यांच्यात हृदयासारखी भोकं तयार होतात आणि सगळं गर्भाशय एकदम कळ देऊ लागतं. प्रत्येक कळेनंतर वरच्या भागातले तंतू ढिले होतात पण मूळ लांबीवर परतत नाहीत, थोडे आखूडच राहतात. म्हणून बाळ खाली सरकलेलं खालीच राहतं. वार पडल्यावर आडवेतिडवे विणलेले हेच तंतू आवळतात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटून बंद करतात. तो आवळला नाही तर बाई रक्तस्रावाने काही मिनिटांत धोक्यात येते. बाळ झाल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, पोटावरून गर्भाशय चोळतात, ते यासाठी.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन्ही गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. घोट्याला संध्याकाळी सूज येते हे तिने कधी सांगितलंच नव्हतं, तेही निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळीने बारीक धमन्या सैल होतात, शिरा तितक्या होत नाहीत, म्हणून पायात पाणी उतरतं. मात्रा कमी करून सोबत दुसरं औषध दिलं आहे.

घरी आल्यावर तिला सरांची कोठी सांगितली. “हातापायाच्या मांसाची कोठी घरातच असते, आणि रक्ताच्या नळ्यांचं मांस रोज बाजारातून आणून खातं. गोळी फक्त बाजाराचा दरवाजा ओढून घेते.” तिने थोडा विचार केला आणि विचारलं, “आणि हृदय?” मी म्हटलं, त्याची कोठी घरात आहे, पण किल्ली बाहेरून येते. “मग ती गोळी दरवाजा पुरता लावत नसणार,” म्हणाली आणि रात्रीची गोळी घेतली.

निवृत्त_शिक्षक

त्यांना सांगा, बरोबर आहे. पुरता लावत नाही.